केमिकल इंजिनिअरसाठी परदेशात व्हिसा-स्पॉन्सर्ड नोकरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पगाराच्या मर्यादा आणि फीचे आकडे जवळजवळ दरवर्षी बदलतात, म्हणून आकड्यासोबत साल दिलं आहे. अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तो एकदा पडताळून घ्या.

१. कंपनी व्हिसा स्पॉन्सर करते म्हणजे नेमकं काय करते? तिकिटाचे आणि व्हिसाचे पैसे तीच देते का?

शब्द एकच असला तरी प्रत्येक देशात त्याचा अर्थ वेगळा आहे, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

ब्रिटनमध्ये कंपनीकडे होम ऑफिसचा, म्हणजे तिथल्या गृहखात्याचा, परवाना लागतो. तो असेल तरच ती तुम्हाला ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ देऊ शकते. नावात सर्टिफिकेट असलं तरी हातात येतो फक्त एक क्रमांक. नेदरलँड्समध्ये कंपनी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे ‘मान्यताप्राप्त स्पॉन्सर’ म्हणून नोंदलेली असावी लागते. अमेरिकेत कंपनी तुमच्या वतीनं सरकारकडे पिटिशन दाखल करते. आखाती देशांत तुमचा रहिवासी परवानाच कंपनीच्या नावावर निघतो. जर्मनीत मात्र परवाना वगैरे काही नाही : कंपनी नोकरीचा करार देते, एक फॉर्म भरते आणि बाकीचं तुम्ही करता.

तिकीट, सामान हलवणं, पहिल्या महिन्याचं घर या गोष्टी स्पॉन्सरशिपमध्ये येत नाहीत. त्या करारात लिहिलेल्या असतील तर मिळतात, नाहीतर नाही.

२. सुरुवात कोणत्या देशापासून करू?

देशाऐवजी तुमच्या प्लांटपासून सुरुवात करा. तुम्ही ज्या प्रक्रियेवर काम केलं, ती कुठे चालते?

तुमचा अनुभव औषधनिर्मितीतला असेल, व्हॅलिडेशन आणि क्वालिफिकेशन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नसेल, तर आयर्लंडमधलं कॉर्क आणि त्याजवळचं रिंगास्किडी आधी पाहा. स्वित्झर्लंडमधलं बॅसल आणि सिंगापूरही त्याच रांगेत. रिफायनरी, इथिलीन क्रॅकर, गॅस प्रोसेसिंग केलं असेल तर सौदीतलं जुबैल, अमिरातीतलं रुवैस, कतारमधलं रास लफान, आणि सिंगापूरचं जुराँग बेट. मूलभूत आणि स्पेशालिटी केमिकल्ससाठी जर्मनीतली लुडविग्सहाफेन, लेव्हरकुझेन, लॉयना, बेल्जियममधलं अँटवर्प, नेदरलँड्समधलं रॉटरडॅम. कॅनडात ऑइल सँड्ससाठी आल्बर्टा, पेट्रोकेमिकल्ससाठी ऑन्टारिओतलं सार्निया. खाणीतून आलेल्या खनिजांवर लीचिंग किंवा सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन केलं असेल तर पश्चिम ऑस्ट्रेलिया, आणि तिकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

स्पॉन्सरशिपचा खर्च आणि कागद कंपनी कुणासाठी अंगावर घेते? जो आल्या आल्या प्लांट समजून घेईल त्याच्यासाठी. ‘मला युरोपात यायचं आहे’ असं म्हणणारे त्यांच्याकडे ढिगानं येतात. ‘मी पाच वर्षं क्लोर-अल्कली मेम्ब्रेन सेल चालवले आहेत’ असं म्हणणारा क्वचित येतो.

३. नोकरीच्या संकेतस्थळावर ‘केमिकल इंजिनिअर’ शोधलं की फारच थोड्या जागा दिसतात. असं का?

कारण पदवीचं नाव आणि पदाचं नाव एक नसतं. प्रोसेस इंजिनिअर, प्रोसेस सेफ्टी इंजिनिअर, प्रॉडक्शन इंजिनिअर, कमिशनिंग इंजिनिअर, सीक्यूव्ही (कमिशनिंग, क्वालिफिकेशन, व्हॅलिडेशन) इंजिनिअर, टेक्नॉलॉजिस्ट, प्रोसेस कंट्रोल इंजिनिअर ही नावं टाकून शोधा. जर्मनीत ‘फेरफारन्सइंजेनिअर’ हा आपल्या शाखेचा शब्द, नेदरलँड्समध्ये ‘प्रोसेसटेक्नोलोख’. अर्थात हे शब्द तिथल्या स्पेलिंगनं टाका. जाहिरातच स्थानिक भाषेत असेल तर प्रश्न ७ आधी वाचा.

४. ब्रिटनच्या स्पॉन्सर कंपन्यांची यादी मिळाली. आता त्या सगळ्यांना सीव्ही पाठवू का?

नको. त्या यादीत नर्सिंग होमपासून सॉफ्टवेअर कंपन्यांपर्यंत सगळे आहेत. नाव यादीत आहे याचा अर्थ कंपनीला स्पॉन्सर करता येतं, एवढाच. या जागेसाठी ती करेल की नाही, ते त्यातून कळत नाही. यादी उलट्या दिशेनं वापरा : आधी जागा सापडू द्या, मग कंपनी यादीत आहे का बघा.

जागा सापडल्यावर दोन गोष्टी तपासा. पहिली, व्यवसायाचा कोड. केमिकल आणि प्रोसेस इंजिनिअर २१२५ या कोडखाली येतात. दुसरी, पगार. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे, आणि त्या कोडचा ठरलेला दर जास्त असेल तर तो धरला जातो. नुकतेच शिकून बाहेर पडलेल्यांना आणि २६ वर्षांखालच्यांना सवलत असते. पगार कसा मोजतात त्यात एक खोच आहे, ती प्रश्न १६ मध्ये.

५. कंपनीनं ‘आम्ही स्पॉन्सर करत नाही’ असं कळवलं. विषय संपला का?

ब्रिटनमधल्या परवाना नसलेल्या कंपनीनं असं म्हटलं तर बहुधा संपला. जर्मनीतल्या दोनशे माणसांच्या कंपनीनं म्हटलं तर अजून एक मेल पाठवायला हरकत नाही. त्या एचआरच्या बाईंनी किंवा साहेबांनी ‘स्पॉन्सर’ हा शब्द अमेरिकेच्या बातम्यांत वाचलेला असतो आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वकील, लॉटरी आणि हजारोंचा खर्च उभा राहतो.

मी स्वतः पहिल्या तीस-पस्तीस अर्जांत ‘मला व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल’ असं एकच वाक्य लिहीत होतो. उत्तरं आली नाहीत, किंवा आली ती छापील. मग त्या वाक्याच्या जागी साधारण असा मजकूर घातला (ईयू ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा युरोपातला काम आणि वास्तव्याचा परवाना, ॲनाबिन काय ते प्रश्न ६ मध्ये) :

‘मी ईयू ब्लू कार्डसाठी पात्र आहे. माझं विद्यापीठ आणि पदवी ॲनाबिनवर मान्य आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. तुमच्याकडून सही केलेला करार आणि नोकरीच्या तपशिलाचा एक फॉर्म एवढंच लागेल. व्हिसाचा अर्ज आणि फी मी बघेन.’

चमत्कार झाला नाही, पण मुलाखतीची बोलावणी येऊ लागली. एका ठिकाणी तर मॅनेजरनं पहिल्याच फोनवर विचारलं, “एवढंच?” समोरच्यावर नेमकं किती ओझं पडणार आहे, ते दोन ओळींत सांगता यायला हवं. नेदरलँड्ससाठी, आयर्लंडसाठी, ऑस्ट्रेलियासाठी त्या दोन ओळी वेगळ्या असतील. एकच मजकूर सगळीकडे चिकटवू नका.

६. ॲनाबिन काय आहे? माझं विद्यापीठ त्यात सापडलं, पण पदवी सापडत नाही.

परदेशी विद्यापीठं आणि पदव्या यांची ही जर्मन सरकारी माहितीसूची. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ असं चिन्ह पाहिजे, आणि पदवीपुढे ती जर्मन पदवीशी समकक्ष असल्याचा शेरा. दोन्ही असतील तर पानं छापून अर्जाला जोडा. विद्यापीठ आहे पण पदवी नाही, किंवा चिन्ह ‘प्लस-मायनस’ असेल, तर झेडएबी या संस्थेकडून तुलनापत्र मागवावं लागतं. त्यात वेळ जातो, म्हणून ऑफर येण्याची वाट न बघता आधीच मागवा.

इंजिनिअर लोक ब्लू कार्डच्या तुटवड्याच्या व्यवसायांत मोडतात, त्यामुळे पगाराची मर्यादा खालची लागते : २०२५ मध्ये वर्षाला ४३,७५९.८० युरो, इतरांसाठी ४८,३००. ब्लू कार्डवर कायम वास्तव्य २७ महिन्यांनी मिळू शकतं, आणि जर्मन बी१ पातळीची असेल तर २१ महिन्यांनी.

जाता जाता : जर्मनीत ‘इंजेनिअर’ ही उपाधी कायद्यानं राखीव आहे. नोकरी करायला अडत नाही, पण परदेशी पदवीच्या जोरावर स्वतःच्या नावापुढे ती लावायची तर त्या राज्याच्या इंजिनिअर-मंडळाची किंवा संबंधित कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते.

७. इंग्रजीवर भागेल का?

डिझाइन ऑफिसमध्ये, संशोधनात, मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीत भागतं. प्लांटवर भागत नाही. रात्री दोन वाजता फील्ड ऑपरेटर वॉकीटॉकीवर सांगतो की पंपाचं सील गळतंय आणि त्यानं कोणता वाल्व बंद केला, तेव्हा तो त्याच्याच भाषेत बोलतो. वर्क परमिट, शिफ्टचं हँडओव्हर, एचएझेडओपीच्या (प्रक्रियेतले धोके शोधण्याच्या) बैठका या सगळ्या स्थानिक भाषेतच चालतात, आणि तिथे चुकीचा अर्थ लागला तर माणूस जखमी होतो. म्हणून जर्मन किंवा फ्रेंच प्लांटची जाहिरात भाषेची बी२ पातळी मागत असेल तर ती अट खरोखरची समजा. नेदरलँड्स, आयर्लंड, सिंगापूर आणि आखातात हा अडसर कमी आहे.

८. सीव्हीत काय बदलू?

जबाबदाऱ्या काढा, आकडे घाला. एक ओळ घेऊन बघू.

आधीची ओळ : ‘डिस्टिलेशन कॉलमच्या ऑपरेशनची व ऑप्टिमायझेशनची जबाबदारी सांभाळली.’

नंतरची : ‘मेथॅनॉल-पाणी कॉलमचा फीड ट्रे बदलून रिफ्लक्स रेशो १.८ वरून १.४ वर आणला. रीबॉयलरची वाफ ताशी ४,२०० किलोवरून ३,६०० किलोवर आली, मेथॅनॉलची शुद्धता तीच राहिली.’

दुसरी ओळ वाचणारा जुना प्रोसेस इंजिनिअर काय करतो माहीत आहे? तो मनात २.४ भागिले २.८ करतो. फीड उकळबिंदूला असेल तर कॉलममधली वाफ रिफ्लक्स रेशो अधिक एक या प्रमाणात बदलते, म्हणजे घट साधारण १४ टक्के यायला हवी, आणि ४,२०० चे ३,६०० म्हणजे तेवढीच येते. या माणसानं खरंच हे काम केलं आहे, एवढं त्याला तिथेच पटतं. आकडे बनवून लिहिलेत तर हाच भागाकार तुम्हाला पाडतो.

आस्पेन हायसिस किंवा आस्पेन प्लस वापरलं असेल तर कशासाठी वापरलं ते लिहा. एपीआय ५२० आणि ५२१ प्रमाणे रिलीफ वाल्व साइझिंग, एलओपीए (संरक्षणाच्या थरांचं विश्लेषण), एचएझेडओपीत सहभाग, पी अँड आयडीचं (पाइप आणि उपकरणांच्या आराखड्याचं) काम यातलं जे केलं असेल ते पहिल्या पानावर आणा. प्रोसेस सेफ्टीची माणसं सगळीकडे कमी पडतात.

९. मी फ्रेशर आहे. अनुभवाशिवाय थेट स्पॉन्सरशिप मिळेल का?

मिळाल्याची उदाहरणं आहेत, पण त्या आशेवर वर्ष घालवू नका. फ्रेशर बहुतेक तिथेच मास्टर्स करून मग नोकरीला लागतात. शिक्षणानंतर जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, अमेरिकेत ओपीटीचे (शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचे) १२ महिने आणि स्टेम म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी २४. नेदरलँड्सचं ‘शोधवर्ष’ तर जगातल्या वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठातून गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांनाही मिळतं, मग ते विद्यापीठ कोणत्याही देशातलं असो.

जर्मनीचं चान्सनकार्टं जून २०२४ पासून सुरू आहे. भाषा, वय, अनुभव वगैरे मिळून सहा गुण हवेत. वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. राहण्याचा खर्च भागेल एवढे पैसे मात्र आधी दाखवावे लागतात.

ब्रिटनला केमिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स किंवा पीएचडी करणाऱ्यांसाठी एक इशारा : आपला विषय संवेदनशील यादीत मोडतो, त्यामुळे बऱ्याच देशांच्या विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी एटीएएस हे सुरक्षा-मंजुरीपत्र लागतं. ते यायला आठवडे लागतात, आणि त्यापायी दरवर्षी कुणाचा तरी प्रवेश लांबतो.

१०. अमेरिकेचा एच-१बी हा कामाचा व्हिसा सध्या कितपत शक्य आहे?

बाहेर बसून अर्ज करणाऱ्यासाठी फार कठीण. वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. मार्चमध्ये नोंदणी आणि लॉटरीनं निवड, काम सुरू ऑक्टोबरमध्ये. सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनं देशाबाहेरच्या नव्या अर्जदारासाठी कंपनीवर एक लाख डॉलरचा भार टाकला. प्लांट इंजिनिअरसाठी एवढी रक्कम मोजणारी कंपनी सापडणं अवघड आहे.

दोन वाटा उरतात. एक, तिथेच शिकणं (प्रश्न ९). दोन, ज्या बहुराष्ट्रीय कंपनीची अमेरिकेत शाखा आहे तिच्या दुसऱ्या देशातल्या प्लांटवर किमान एक वर्ष काम करून एल-१ या कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर बदली घेणं. दुसरी वाट संथ आहे पण त्यात लॉटरी नाही.

११. जाहिरातीत ‘यूएस पर्सन्स ओन्ली’ (फक्त अमेरिकेचे नागरिक, ग्रीन कार्डवाले वगैरे) लिहिलंय. तरी अर्ज करून पाहू का?

नको. संरक्षण साहित्य, अणुइंधन, काही उत्प्रेरक आणि रसायनं यांच्या तंत्रज्ञानावर निर्यात-नियंत्रण असतं. परदेशी नागरिकाला अमेरिकेतच ड्रॉइंग दाखवलं तरी कायद्यानं ती निर्यात ठरते. एचआरला इच्छा असली तरी हात बांधलेले असतात.

१२. परदेशात इंजिनिअरचं लायसन्स काढावं लागतं का?

नोकरीत असलेल्या प्लांट इंजिनिअरला बहुतेक ठिकाणी लागत नाही. अपवाद लक्षात ठेवा.

सौदी अरेबियात इंजिनिअरच्या पदावर राहायचं तर सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सची नोंदणी लागते, आणि रहिवासी परवान्यावर लिहिलेला व्यवसाय पदवीशी जुळावा लागतो. कॅनडात ‘पी.इंज.’ (प्रोफेशनल इंजिनिअर) हे लायसन्स प्रांत देतो, त्यासाठी साधारण चार वर्षांचा अनुभव मोजतात. लायसन्सधारकाच्या देखरेखीखाली लायसन्सशिवाय काम करता येतं, फक्त स्वतःला ‘इंजिनिअर’ म्हणवून घेता येत नाही. ब्रिटनमध्ये आयकेमई या केमिकल इंजिनिअरांच्या संस्थेमार्फत मिळणारी चार्टर्ड उपाधी सक्तीची नाही, पण वरच्या पदांसाठी वजन टाकते.

ऑस्ट्रेलियात स्थलांतराच्या अनेक मार्गांवर एंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडून मूल्यमापन लागतं. तुमचा अभ्यासक्रम वॉशिंग्टन ॲकॉर्ड या इंजिनिअरिंग पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली मान्य असेल तर सोपं जातं. नसेल तर सीडीआर म्हणजे स्वतःच्या कामाचा अहवाल लिहावा लागतो, त्यात तीन ‘करिअर एपिसोड’. हे स्वतः लिहा. पैसे घेऊन लिहून देणारे एकच मजकूर दहा जणांना विकतात, तपासणीत उचलेगिरी सापडते आणि पुढे अर्ज करायलाच बंदी येते.

१३. कॅनडाची ‘एलएमआयए’सह, म्हणजे परदेशी माणूस नेमायच्या सरकारी मंजुरीसह, ऑफर विकत मिळतेय. घेऊ का?

अजिबात नको. हा गुन्हा आहे. शिवाय मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत (कायम वास्तव्यासाठी गुणांवर होणाऱ्या निवडीत) नोकरीच्या ऑफरचे जादा गुणच काढून टाकले आहेत, त्यामुळे ज्या लोभानं लोक हे घेत होते तो लोभही उरलेला नाही. एलएमआयएची फी कंपनीनं भरायची असते, ती उमेदवाराकडून वसूल करता येत नाही.

१४. ऑफर लेटर आलंय, पण खरं आहे का कळत नाही. कसं ओळखू?

मला दाखवायला पाठवलेल्या एका पत्राचं उदाहरण देतो. नामांकित तेल कंपनीचं चिन्ह, पद ‘केमिकल इंजिनिअर’, पगार बाजारभावाच्या दुप्पट. मुलाखत झालेली नव्हती, फक्त एक प्रश्नावली भरून घेतली होती. प्लांट कुठे, युनिट कोणतं, कुणाच्या हाताखाली काम, यातलं काही पत्रात नव्हतं. मेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावाला एक जादा आडवी रेघ. आणि शेवटच्या परिच्छेदात, ‘व्हिसा प्रक्रियेसाठीची परतावायोग्य अनामत’ सात दिवसांत भरा.

त्यातली एवढी शेवटची ओळ वाचली तरी पुरे होतं. ब्रिटनमध्ये सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपसाठी उमेदवाराकडून पैसे घेण्यास मनाई आहे. बाकी देशांतही स्पॉन्सरशिपचे पैसे कंपनी तुमच्याकडे मागत असेल तर तिथेच थांबा. संशय असेल तर कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरचा फोन शोधून एचआरला स्वतः विचारा. पत्रावरच्या नंबरला फोन करू नका, तो उचलणारा त्यांचाच माणूस असतो.

१५. कंपनी म्हणते, तीन वर्षांआधी सोडलं तर स्पॉन्सरशिपचा खर्च परत द्या. हे चालतं का?

काही खर्च चालतो, काही नाही. ब्रिटनमध्ये इमिग्रेशन स्किल्स चार्ज हा स्पॉन्सर कंपनीवरचा सरकारी आकार तुमच्याकडून घेता येत नाही, आणि २०२४ च्या अखेरीपासून परवान्याची व सर्टिफिकेटची फीही नाही. तुमची व्हिसा फी आणि हेल्थ सरचार्ज कंपनीनं भरला असेल तर तो परत मागण्याचं कलम असू शकतं. दर महिन्यागणिक रक्कम कमी होत जाईल असं लिहून घ्या. अमेरिकेत एच-१बीच्या पिटिशनचा खर्च कंपनीचाच असतो.

१६. माझा मूळ पगार कमी आहे, पण शिफ्ट अलाउन्स धरला तर मर्यादा ओलांडतो. चालेल?

प्लांटवाल्यांना सगळ्यात जास्त गोत्यात आणणारा प्रश्न हाच. ब्रिटनमध्ये फक्त हमखास मिळणारा मूळ पगार धरतात. शिफ्ट, ओव्हरटाइम, रात्रपाळी, बोनस काहीच धरत नाहीत. नेदरलँड्समध्ये मासिक मर्यादा सुट्टीभत्ता वगळून मोजतात, २०२५ मध्ये तीस वर्षांखालच्यांना ४,१७१ युरो आणि त्यावरच्यांना ५,६८८. ऑफरमधला वार्षिक आकडा बघून खूश होण्याआधी तो फोडून मागा. मर्यादेला थोडं कमी पडत असेल तर अलाउन्सचा काही भाग मूळ पगारात घालायला कंपन्या तयार होतात, मात्र सही होण्याआधी विचारलं तरच.

१७. मला एजन्सी नेमणार, काम मात्र दुसऱ्याच्या रिफायनरीत. व्हिसा कुणाच्या नावावर?

ज्याच्याशी करार आणि जो पगार देतो त्याच्या नावावर. ईपीसी (प्लांट डिझाइन करून उभारून देणाऱ्या) कंपनीनं तुम्हाला ठरावीक मुदतीच्या प्रकल्पासाठी ग्राहकाच्या साइटवर पाठवणं ठीक. पण ब्रिटनमध्ये स्पॉन्सरनं तुम्हाला दुसऱ्या कंपनीच्या रोजच्या, कायमस्वरूपी जागेवर बसवणं नियमात बसत नाही. करारात प्रकल्पाचं नाव आणि मुदत लिहिलेली असू द्या.

१८. माझं वय ४६ आहे. उशीर झाला का?

जर्मनीत ४५ नंतर पहिल्यांदा साध्या कुशल-कामगार परवान्यावर येणाऱ्याला जास्त पगार (२०२५ मध्ये ५३,१३० युरो) किंवा पुरेशी पेन्शनची तरतूद दाखवावी लागते. ब्लू कार्डला ही अट नाही, म्हणून तोच मार्ग धरा. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या स्पॉन्सर्ड व्हिसाला वयाची अट नाही, कायम वास्तव्याच्या बहुतेक मार्गांना ४५ ची आहे. आखातात आणि कमिशनिंगच्या कामात पिकलेले केस उलट उपयोगी पडतात.

१९. तिथे गेल्यावर नोकरी गेली तर किती दिवस राहता येतं?

अमेरिकेत एच-१बीवर जास्तीत जास्त ६० दिवस, ब्रिटनमध्ये होम ऑफिसचं पत्र आल्यावर साधारण ६० दिवस, नेदरलँड्समध्ये तीन महिने, अर्थात परवान्याची मुदत त्याआधी संपत नसेल तर. जर्मनीत नोकरी सुटल्याचं परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावं लागतं. आखातात देशागणिक वेगळं आहे. तिथे करार संपताना जुन्या कंपनीकडून सुटकेचा कागद आणि अनुभवाचं पत्र एकाच दिवशी हातात घ्या. विमानात बसल्यावर ते पत्र मिळवणं महाकर्मकठीण होतं.